शिरखारचं फाटक

रामनाथ घरत त्या संध्याकाळी सालवडहून निघाला तो शिरखारहून साखरबाईला आणायला. काम एवढंच. रिक्षानं जायचं, म्हातारीला गाठोड्यासकट बसवायचं आणि जेवणाच्या वेळेपर्यंत परत यायचं. सुनेनं, समिधानं, आतल्या खोलीत तिच्यासाठी गादीसुद्धा घालून ठेवली होती.

रामनाथ म्हणजे आपल्याच चाळीतला. मागच्या रांगेत, नळापाशी खुर्ची टाकून बसलेला असतो, कुणाशी बोलत नाही, तो. माझ्याहून लहान, म्हणून मी त्याला अरेतुरे करतो. झालं ते त्यानं मला एकदाच सांगितलं. रिक्षावाल्या भावेशनं त्याच्या बाजूचं वेगळं सांगितलं. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. ऐकायचं असेल तर आत या आणि दार ओढून घ्या.

दिवस गेल्या भाद्रपदातला. सर्वपित्री अमावस्या, रविवार. सकाळपासून झिमझिम चालू होती, ती दुपारनंतर थांबली होती.

आता शिरखार म्हणजे काय, हे तुम्हा पोरांना सांगावं लागेल, कारण तुम्ही त्याच्या नावाची पाटीही पाहिलेली नाही. पालघर सोडलं की बोईसरच्या अलीकडे, रुळांच्या दोन्ही अंगांना पसरलेली वस्ती होती ती. गाव म्हणावं तर शेत नाही, पाटील नाही, जत्रा नाही. रेल्वे आली म्हणून ती वस्ती झाली. वाडा-मनोरकडचं गवत बैलगाड्यांनी तिथं यायचं, वखारीत दाबून त्याच्या गाठी व्हायच्या आणि वॅगनी भरभरून मुंबईच्या तबेल्यांना जायच्या. केळवे-माहीमच्या वाड्यांतली विड्याची पानं करंड्यांत भरून तिथूनच उत्तरेला जायची. गाठी उचलणारे, करंड्या विणणारे, बैलांना पाणी पाजणारे, रूळ दुरुस्त करणारे गँगवाले, सगळ्यांची चूल मालडबे भरायच्या त्या एका सायडिंगवर पेटायची.

मग ट्रक आले. मुंबईतले तबेले हटले. पानं टेम्पोनं जायला लागली. सायडिंगचे रूळ उखडून नेले, वखारीचे पत्रे नेले, पॅसेंजर थांबायची तीही बंद झाली. तरी वस्ती मेली नाही. कारण तिथं फाटक होतं. हायवेकडून समुद्राकडे जाणारा रस्ता तिथून रूळ ओलांडायचा. फाटक लागलं की गाड्या थांबायच्या, आणि गाड्या थांबल्या की चहा, भजी, ताडगोळे, पेरू विकले जायचे. रामनाथ त्या फाटकाचा गेटमन. फाटक लावलं की गाडीवाले त्याला शिव्या द्यायचे, आणि त्या खोळंब्यावर अख्खी वस्ती जेवायची.

शेवटी मालगाड्यांची नवी लाईन टाकायचं ठरलं. त्यात पूर्वेकडची घरं गेली. थोड्या अंतरावर उड्डाणपूल उभा राहिला, फाटक कायमचं बंद झालं, रामनाथची बदली झाली दुसऱ्या गेटवर. वस्तीत गिऱ्हाईक येईनासं झालं. विहीर राहिली पूर्वेला, उरलेली माणसं पश्चिमेला. पुलावरून हंडा कोण आणणार? बायका रूळ ओलांडायच्या.

रामनाथची बायको सुलू तशीच गेली. पाणी घेऊन येताना. रामनाथ त्या वेळी त्याच्या नव्या गेटवर ड्युटीला होता. फाटक लावून, हिरवं निशाण धरून त्यानं एक गाडी पुढं जाऊ दिली होती. पुढं शिरखारला सुलूला लागली ती तीच गाडी.

सुलूनंतर आणखी दोघं-तिघं गेली. मग पश्चिमेच्या बाजूनं, रस्ता अडवून, रुळांच्या कडेनं लांबवर सिमेंटची भिंत घातली. रामनाथ निवृत्त झाला आणि शैलेशकडे, मुलाकडे, सालवडला राहायला आला. शैलेश तारापूरच्या एका कंपनीत आहे. बाकीचे कुणी वापीला गेले, कुणी नालासोपाऱ्याला. शिरखारात उरली एकटी साखरबाई. वय झालेलं, मुलगा वापीला, तो फोनसुद्धा उचलायचा नाही. सोमवारी सकाळी मशीन येऊन पश्चिमेची उरलेली रांग पाडणार होती. म्हणून रविवारी रामनाथ निघाला. तो लहान असताना आईविना वाढला होता आणि साखरबाईनं त्याला भाकरी घातली होती. तिचं ऋण त्यानं मानलं होतं.

भावेश मूळचा शिरखारचाच. त्याचा वारलेला बाप गाठी उचलायचा. पुलावरून उतरल्यावर त्यानं रिक्षा वळवली आणि जुन्या रस्त्याच्या तोंडाशी उभी केली.

"काका, पुढं चिखल हाय. चाक अडकलं तर रात्र इथंच जायची," तो म्हणाला. "तुमी घेऊन या तिला. मी हाय इथं."

"गाठोडं जड असलं तर हाक मारीन."

"मारा." भावेशनं इकडेतिकडे पाहिलं. "पण लवकर करा. आजचा दिवस बरा नाय."

रामनाथ हसला. निदान तेव्हा हसला, असं भावेश सांगतो.

दिवेलागण होऊन गेली होती. रस्त्यावर दोन्हीकडून टाकळा आणि रान माजलेलं. वीज महिन्यापूर्वीच तोडलेली. रामनाथनं टॉर्च लावला. रिकामी घरं एकामागून एक गेली. दारं-खिडक्या लोकांनी काढून नेलेल्या, नुसते चौकोन उरलेले. एका घराच्या ओट्यावर कुत्रं बसलं होतं. ते भुंकलं नाही. उठून त्याच्या मागून थोडं आलं आणि थांबलं.

साखरबाईच्या अंगणात कंदील होता. रामनाथ कुडाजवळ आला आणि जागीच उभा राहिला.

अंगणभर पानं मांडलेली. पळसाच्या पत्रावळ्या, ओळीनं. आणि एक ओळ नाही. अंगण संपल्यावर शेजारच्या अंगणात, त्याच्या पुढच्या अंगणात, जिथवर कंदिलाचा उजेड पोचत होता तिथवर. प्रत्येक पानावर भात, वडा, थोडी खीर.

"काकी…" तो म्हणाला. "हे एवढं कुणासाठी?"

साखरबाई ओट्यावर बसली होती. लुगडं स्वच्छ, केस विंचरलेले. गाठोडं बांधून शेजारी ठेवलेलं. ते पाहून रामनाथला बरं वाटलं.

"आज पितरांचा दिवस ना," ती म्हणाली.

"अगं, पण एवढी पानं? कधी केलंस हे सगळं?"

"दोन दिवस करतेय. तिकडची सगळी यायची हायेत."

"तिकडची म्हणजे?"

तिनं हनुवटीनं भिंतीकडे दाखवलं. अंगणापुढं रस्ता, रस्त्यावर आडवी ती भिंत, भिंतीच्या अलीकडे रामनाथची जुनी गुमटी, गेटमनची खोली. गुमटीचं दार नव्हतं. पलीकडे रूळ.

"रोज येतात," साखरबाई म्हणाली. "अंधार पडला की तिकडनं हाका मारतात. फाटक, फाटक. मी म्हणते, बाबांनो, फाटकवाला नाय हाय, कोण उघडील? मग गप होतात. रडतातसुद्धा कोणकोण."

रामनाथ तिच्याजवळ बसला. त्याला वाटलं, एकटी राहून म्हातारीचं डोकं फिरलं. दोष आपला. आधीच न्यायला हवी होती.

"काकी, चल आता. भावेश रिक्षा घेऊन आलाय. समिधानं जेवण ठेवलंय."

"येते रे. गाठोडं बांधलंय ना मी." तिनं त्याच्या दंडावर हात ठेवला. "एकदा फाटक उघड. ती घरी येतील, दोन घास खातील, जातील. मग आपण निघू."

"फाटक कुठं राहिलंय? भिंत हाय ती."

"उद्या घरं पाडणार. मग ती येणार कुठं, सांग."

त्यानं गाठोडं उचलायला हात घातला. आणि तेव्हा घंटी वाजली.

गुमटीतली.

फोनची घंटी. हँडल फिरवायच्या काळ्या फोनची, लांबलचक, मधे न तुटणारी. रामनाथनं ती घंटी जन्मभर ऐकली होती. झोपेत ऐकली तरी तो उठून बसायचा. पण गुमटीतला फोन रेल्वेनं फाटक बंद झालं त्याच वर्षी काढून नेला होता. भिंतीत खिळ्यांची भोकं तेवढी राहिली होती.

"घे," साखरबाई म्हणाली. "तुलाच हाय."

तो का उठला, हे त्याला सांगता येत नाही. मला म्हणाला, पाय उठले. टॉर्च ओट्यावरच राहिला. गुमटीत अंधार. हात पुढं केला तर रिसीव्हर जागेवर होता. गार. ओला असल्यासारखा.

"शिरखार गेट," पलीकडून आवाज आला. "गाडी येते. फाटक लावा. नंबर द्या."

जुन्या स्टेशनमास्तरांचा, सावे मास्तरांचा आवाज. जरा नाकातला, घाईचा. सावे मास्तरांना पोचवायला रामनाथ स्वतः स्मशानात गेला होता.

आता इथं एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे पुढचं कळेल. गाडी सोडण्याआधी मास्तर गेटवर फोन करायचा. गेटमननं फाटक लावायचं, कुलूप घालायचं, आणि आपल्याकडचा नंबर मास्तरला द्यायचा. नंबर दिला म्हणजे जबान दिली. मग गाडी जाईपर्यंत फाटक उघडायचं नाही. समोर कुणी असो. बाप असो, नाहीतर कुणी बाळंतीण अडलेली असो.

रामनाथनं दाराबाहेर हात नेला. फाटकाचं हँडल होतं. त्यानं फिरवलं. साखळी कुरकुरली, दांडे खाली येताना दिसले. आणि त्याच्या तोंडून नंबर गेला. सवयीनं.

"बरोबर," मास्तर म्हणाले. फोन बंद झाला.

रामनाथ बाहेर आला.

भिंत नव्हती.

रस्ता सरळ गेला होता, रुळांवरून, पलीकडे. लाल-पांढरे दांडे आडवे. आणि पलीकडच्या दांड्यामागं माणसं. गर्दी… शिरखारची सगळी. गवताच्या गाड्या, बैल माना हलवतायत पण घुंगरांचा आवाज नाही. डोक्यावर करंड्या घेतलेले. गँगवाले, खांद्यावर फावडी. कंदील होते हातांत, पण त्यांचा उजेड खाली रस्त्यावर पडत नव्हता. वॅगन भरताना गवताची गाठ अंगावर पडून मेला, तो जिवल्या. भावेशचा बाप. भजीवाली. ओळखीचा एकेक चेहरा. सगळे त्याच्याकडे बघत.

आणि सगळ्यांच्या पुढं, दांड्याला हात लावून, सुलू. डोक्यावर हंडा.

"अवो," ती म्हणाली. हळू. तरी ऐकू आलं. "उघडा ना."

रामनाथ एक पाऊल पुढं आला.

"मान दुखली हंड्यानं. कधीची उभी हाय मी…"

"थांब," तो कसंबसं बोलला. "सुलू, थांब. गाडी हाय."

"घरी यायचं हाय."

"येशील. गाडी जाऊ दे. नंबर दिलाय मी."

मागून साखरबाई आली. गाठोडं काखेला. तिनं पुन्हा त्याचा दंड धरला.

"उघड, रामनाथ."

"काकी, गाडी येतेय."

"नाय येत. बघ तरी."

त्यानं दोन्हीकडे पाहिलं. रूळ रिकामे. दिवा नाही, आवाज नाही. हँडल त्याच्या हाताशी. चार वेढे फिरवले असते तर दांडे वर गेले असते. पलीकडे कुणी ओरडत नव्हतं. शिव्या देत नव्हतं. नुसते बघत होते.

त्याचा हात हँडलवर गेला. तो मला म्हणाला, गेला होता. खोटं नाय सांगत.

पण त्याला ते हिरवं निशाण आठवलं.

त्यानं हात काढून घेतला.

"गाडी जाऊ दे," तो म्हणाला. "मग उघडतो. आईची आण, मग उघडतो."

सुलूनं मान खाली घातली.

आणि गाडी आली.

दिवा न लावता. भोंगा न देता. नव्या लाईनवरची, डब्यावर डबा चढवलेली, लांब मालगाडी. वारा आला, कंदील दिसेनासे झाले. डबा… डबा… डबा. दोन डब्यांच्या मधे जरा फट. फटीतून पलीकडचं दिसायचं. सुलू दिसली. डबा. सुलू. डबा. सुलू… तिच्यामागची गर्दी कमी झाल्यासारखी.

डबा.

बैल नव्हते.

डबा.

करंड्यावाले नव्हते.

रामनाथ मोजायला लागला, मोजणं सुटलं. गाडी संपेना. कुठलीच गाडी एवढी लांब नसते. त्यानं हाका मारल्या, आपला आवाज आपल्यालाच आला नाही. डबा. भजीवाली पाठमोरी चाललेली. डबा. भावेशचा बाप नाही. डबा. जिवल्या नाही. डबा…

सुलू एकटी.

ती त्याच्याकडे बघत नव्हती. तिच्या बाजूला कुणीतरी होतं. म्हातारं, वाकलेलं. काखेला गाठोडं.

रामनाथनं आपल्या दंडाकडे पाहिलं.

दंडावर हात नव्हता.

डबा.

फटीत कुणीच नव्हतं.

डबा… डबा…

मग गाडी गेली. आवाज एकदम तुटला. त्यानं धावत हँडल धरायला हात टाकला, तो हवेत गेला. पुढं झाला, कपाळ आपटलं. सिमेंट. ओलं, खडबडीत. भिंत.

भावेशनं ऐकलं ते एवढंच. त्यानं घंटी ऐकली नाही, गाडी ऐकली नाही. झिमझिमीनंतरची शांतता, बेडूक. आणि मधेच रामनाथकाकाचा आवाज, कुणाला तरी समजावल्यासारखा. थांबा, गाडी जाऊ दे. थांबा. मग बराच वेळ काही नाही. मग कुणीतरी भिंत मुठींनी ठोकत होतं. तेव्हा तो चिखल तुडवत धावत आला.

रामनाथ भिंतीशी बसला होता. कपाळावरून रक्त. ओट्यावर टॉर्च तसाच जळत. साखरबाई नव्हती, गाठोडं नव्हतं.

भावेशनं घरं पाहिली, रानात टॉर्च मारला, हाका मारल्या. मग त्यानं शैलेशला फोन केला. शैलेश शिफ्ट सोडून आला, बरोबर माणसं घेऊन आला. पोलीस आले. रेल्वेची माणसं बॅटऱ्या घेऊन पुलाच्या बाजूनं आत उतरली आणि दोन्हीकडे रूळ बघत लांबवर गेली. काही सापडलं नाही. चिंधी नाही, रक्ताचा थेंब नाही. त्या संध्याकाळी त्या वेळेत नव्या लाईनवर गाडीच नव्हती, असं त्यांनी सांगितलं. भिंत माणसाच्या दीडपट उंच. साखरबाईला ओटा चढताना कठडा धरावा लागायचा.

"तू शेवटची कधी पाहिलीस तिला?" पोलिसांनी रामनाथला विचारलं.

"पलीकडे," तो म्हणाला.

"पलीकडे कुठं?"

त्यानं भिंतीकडे बोट दाखवलं. पुन्हा पाऊस लागला होता. अंगणांतली पानं भिजत होती. भाताला कुणी हात लावला नव्हता, कावळ्यानंसुद्धा नाही.

वापीचा मुलगा दोन दिवसांनी आला. त्यानं रामनाथला दोष दिला नाही, काही विचारलंही नाही. पोलिसांच्या कागदावर सही केली आणि गेला. ते रामनाथला जास्त लागलं असावं.

त्यानंतर तो तसाच आहे. शैलेशनं डॉक्टर केले, समिधा जेवायला पुढ्यात बसून घालते. एकदा मी त्याला म्हटलं, रामनाथ, तू चुकला नाहीस. गाडी येत होती, तू फाटक उघडलं नाहीस. दुसऱ्या कुणी काय केलं असतं? त्यानं हात लांबवून नळ घट्ट केला. मग म्हणाला, "गाडी गेल्यावर उघडीन म्हटलं होतं मी." एवढंच. पुन्हा तो विषय त्यानं काढला नाही आणि मी काढू दिला नाही.

घरं सोमवारी नाही, मंगळवारी पाडली. पोलिसांमुळे एक दिवस गेला. दुपारपर्यंत शिरखार सपाट झालं. अंगणं, ओटे, गुमटी, सगळं. भिंत तेवढी ठेवायची होती, ती ठेवली.

मशीनवरचा माणूस परप्रांतातला. त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. भिंतीच्या बुडाशी माती ओढताना त्यानं मशीन थांबवली, खाली उतरला आणि मुकादमाला हाक मारली. मुकादमानं भावेशला बोलावलं, तो तिथं बघायला म्हणून आलेला होता. पावसात दोन रात्री भिजूनही चिखलातलं ते पाऊल बुजलं नव्हतं. अनवाणी, लहानसं, बाईचं. भिंतीकडे तोंड केलेलं. पण अर्धंच. टाच आणि तळव्याचा खळगा, आणि तिथून पुढं भिंतीचं सिमेंट.

भावेश पुलावरून वळसा घालून रुळांच्या बाजूला गेला. भिंतीच्या त्या अंगाला, नेमकं त्याच जागी, चिखलात पायाची पाच बोटं उमटली होती.